दीड मीटरची काठी

माझ्या नवऱ्याच्या मित्राइतका भित्रा माणूस या जगात दुसरा नसेल, आणि असलाच तर तो घराबाहेर पडत नसल्यामुळे कुणाला माहीत नसेल. आमचा हा मित्र मात्र रोज बाहेर पडायचा आणि रोज जीव मुठीत धरून पडायचा. टूनगॅबी या आमच्या उपनगरात आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून तो एकटा राहत असे. वसंतात मॅगपाय पक्षी डोक्यावर झडप घालतात म्हणून पत्रांच्या पेटीपर्यंत जायलासुद्धा सायकलचं हेल्मेट घालायचा. सायकल त्याच्याकडे नव्हतीच. एकदा गाडी चालवताना आतून काचेवर हाताएवढा कोळी दिसला, तर भर चौकात गाडी सोडून फुटपाथवर जाऊन उभा राहिला आणि मागे हॉर्न वाजवणाऱ्यांकडे बघून प्रसन्न हसत राहिला. हे हसू म्हणजे त्याची भीती. आपली बोबडी वळते तिथे त्याचे ओठ कानापर्यंत जातात. डेंटिस्टच्या खुर्चीत तो इतका हसला, की इतक्या आनंदाने आलेला पेशंट आपण पाहिला नाही असं त्या बाई म्हणाल्या. मी त्याच्याहून लहान, तरी मला "वहिनी, तुम्ही" म्हणायचा. "अगं" म्हणायची त्याला भीती वाटे.

अशा माणसाच्या आयुष्यात कोविड आला. एकट्या राहणाऱ्याला एका घरी जायची मुभा होती, ते घर आमचं. दुसऱ्याचा हात लागलेली वस्तू त्याच्याने हातात धरवत नसे. मी चहाचा कप पुढे करायची, तो घ्यायचा, आणि माझी बोटं तिथे होती हे आठवताच सोडून द्यायचा. असे बरेच कप गेल्यावर मी त्याचा चहा ओट्यावर ठेवून लांब उभी राहू लागले. त्यातच त्याने पडद्याचा जुना दांडा मापून नियमातल्या अंतराएवढा, बरोबर दीड मीटरचा कापला. ही काठी आडवी धरून तो दुकानाच्या रांगेत उभा राहायचा. माझ्या नऊ वर्षांच्या सईला काका भलताच आवडायचा. तिची शाळा लॅपटॉपवर चालायची आणि वर्गात नाव पुकारलं की तिला रडू यायचं. त्यावर याने तिला आपला उपाय शिकवला. "भीती वाटली की अंगठा मुठीत दाब आणि हस. समोरच्याला काही कळत नाही." पोरगी आठवड्याभरात तयार झाली. मला तेव्हा त्याचं कोण कौतुक वाटलं होतं.

मग तो शनिवार आला. सुपरमार्केटमध्ये घरटी एकानेच जायचं होतं, म्हणून मी आत आणि सई बाहेर गाडीत. काका दारापाशी रांगेत काठी घेऊन उभा. मागच्या गृहस्थाला त्या काठीचा राग आला. "मेट, खाली कर ते," म्हणत त्याने दुसरं टोक धरून जोरात ओढलं. काठीला त्याचा हात लागला, आणि काकाने ती सोडून दिली. तो माणूस मागच्या मागे कठड्यावर पडला आणि त्याचं डोकं फुटलं. कित्येक दिवस तो हॉस्पिटलमध्ये होता. शुद्धीवर आल्यावर त्याला एवढंच आठवत होतं, की काठीने आपल्याला ढकललं. दुकानाच्या कॅमेऱ्यासमोर नेमकी एक व्हॅन आडवी उभी होती. पोलिसांनी मास्क खाली घ्यायला लावून काय झालं विचारलं, तेव्हा आमचा मित्र कानापर्यंत हसला. झालं. खटला ज्युरीसमोर गेला, तुरुंगाची टांगती तलवार, आणि सगळं पाहिलेला एकच साक्षीदार: सई.

त्याच्या वकीलबाईंनी मला बजावलं होतं, की मुलीला काहीही शिकवायचं नाही. मी सहज विचारलं, की मुलांचं ज्युरी ऐकतात ना? त्या म्हणाल्या, "ऐकण्याआधी बघतात. मूल फार रडलं तर वाटतं, पढवलंय. अजिबात रडलं नाही तर वाटतं, पाठ केलंय. थोडंसं रडणारं मूल सगळ्यांना खरं वाटतं." सई रडणार नव्हती. सई हसणार होती, आणि हसू नकोस असं सांगायची मला सोय नव्हती.

साक्षीच्या दिवशी सई वेगळ्या खोलीतून कॅमेऱ्यावर बोलत होती, खोलीबाहेर तिचा बाबा बसला होता. मी कोर्टात एक खुर्ची सोडून एक अशा रांगेत. ज्युरीतले बारा जण लांब लांब बसवलेले, मास्कवर नुसते डोळे. पडद्यावर माझी मुलगी आली आणि छान हसली. "ही जस्ट लेट गो," ती म्हणाली. म्हणजे त्याने काठी नुसती सोडून दिली. सरकारी वकिलांनी शांतपणे विचारलं, "एक माणूस इतका जखमी झाला. यात तुला गंमत वाटते का?" "नो," म्हणत ती आणखी हसली. ज्युरीतल्या एका बाईंनी पेन खाली ठेवलं. एक निरपराध माणूस माझ्या मुलीच्या हसण्यापायी तुरुंगात जाणार हे मला लख्ख दिसत होतं.

आणि तेवढ्यात आरोपीच्या पिंजऱ्यात आमच्या मित्राने मास्क काढला. दोन वर्षं आमच्याकडे इडलीसुद्धा मास्क उचलून आत सरकवणारा माणूस हा. त्याचा चेहरा पांढराफटक होता, कपाळावर घाम होता, आणि त्यावर सईचंच हसू होतं. कोर्टातल्या माणसाने लगेच मास्क लावायला सांगितलं, त्याने लावला. पण तोवर ज्युरीतल्या त्या बाईंनी पडद्याकडे पाहिलं होतं, पिंजऱ्याकडे पाहिलं होतं, आणि पुन्हा पडद्याकडे.

तो सुटला. ज्युरी कारणं सांगत नाहीत, तेव्हा त्यांनी सईचं ऐकलं की आणखी काही पाहिलं, हे मला कधीच कळणार नाही. "मास्क का काढलास?" असं मी विचारलं, तर म्हणाला, "वहिनी, पोरगी एकटीच हसत होती हो."

पुढे तो नोकरीसाठी मेलबर्नला गेला. निघायच्या दिवशी, कोविड आल्यापासून पहिल्यांदाच, त्याने चहाचा कप माझ्या हातातून घेतला आणि शेवटपर्यंत धरला. सईला म्हणाला, "मी चुकीचं शिकवलं गं तुला. आता घाबरलीस की सरळ रडायचं."

"ओके, काका," सई म्हणाली आणि गोड हसली. मी तिच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही अंगठे मुठीत होते.