दादांचा दुसरा मासा

फोन आला तेव्हा मी ऑफिसात बसून कुणाला तरी नावं ठेवत होतो. कांबळेदादा गेले, कामावरच छातीत कळ आली, एवढंच पलीकडून कळलं... आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता माफी मागायची कुणाची?

दादा मूळचे चिपळूणकडचे, बहारीनमध्ये एसी मेकॅनिक. दर शुक्रवारी सकाळी अदलियात आमच्या इमारतीखाली त्यांची जुनी गाडी थांबायची आणि हाक यायची, "जय भीम, यल्ला!" यल्ला म्हणजे इथल्या अरबीत 'चल'. मग आम्ही सित्राच्या पुलाजवळ गळ टाकून बसायचो. त्यांचे नियम सरकारपेक्षा कडक. हातभर भरला नाही तो मासा परत पाण्यात. घरी न्यायचे दोनच, एक तुझा, एक माझा. पोटात गाभोळी असलेली मादी तर ताबडतोब सोडायची. त्यांच्या गावी अंडी घालायला नदी चढून येणारे मासे लोकांनी वर्षानुवर्षं टोपल्या भरभरून मारले होते, लहानपणी त्यात तेही असत. "शेवटी नदीत उरलं नुसतं पाणी," म्हणायचे. मी त्यांना मत्स्यखात्याचे साहेब म्हणून चिडवायचो, ते हसायचे.

गेल्या वर्षी माझ्या बायकोला, सुनंदाला, दिवस होते आणि तळलेल्या गाभोळीचे डोहाळे लागले होते. त्या शुक्रवारी माझ्या गळाला टम्म पोटाचा हामूर लागला, आपल्याकडच्या हेकरूसारखा. दादा गाडीतून पाण्याची बाटली आणायला गेले होते. मी तो गुपचूप बर्फाच्या पेटीत टाकला. निघताना त्यांनी झाकण उघडलं... मासा केव्हाच मेला होता.

"हिची सगळी पोरं घेऊन चाललास तू."

"दादा, एका माशाने काय समुद्र आटतोय?"

"आमच्या नदीवर पण सगळे हेच म्हणायचे."

डोहाळ्यांचं तेव्हाच सांगितलं असतं तर... पण माझं नाक मोठं. पुढच्या शुक्रवारी गाडी आली नाही. त्यांचं घर माहूजला, चालत वीस मिनिटांवर. आज जाऊ, उद्या जाऊ करत आठ महिने गेले. मुलगी झाली, तिच्या बारशालाही मी त्यांना बोलावलं नाही. त्याची आता फार लाज वाटते.

शेवटी गेलो तो वहिनींना भेटायला. त्या गावी परतायची बांधाबांध करत होत्या. मला बघून रडल्या, मग उठून फ्रीजरमधून एक पुडकं घेऊन आल्या. वर दादांच्या अक्षरात माझं नाव होतं.

"एकटे जायचे, तरी दोन आणायचे," वहिनी म्हणाल्या. "एक तुमचा म्हणून ठेवायचे. म्हणायचे, येईल तो. आठवडाभर वाट बघून आम्हीच खायचो, आणि शुक्रवारी परत नवा... हा शेवटचा."

ते पुडकं आता आमच्या फ्रीजरमध्ये आहे. सुनंदा म्हणते, शिजवूया, वाया गेलेलं दादांना चालणार नाही. तिचं खरं आहे. मी "उद्या" म्हणतो. गेले सहा आठवडे रोज उद्याच म्हणतोय.