बाबांची बटणाची गाडी

माझ्या जन्माच्या आधी, अकोल्याहून बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबाकडून बाबांनी ही मोटरसायकल घेतली. तेव्हा आमच्या मानोरा गावात दिसणाऱ्या गाड्या सगळ्या कीकच्या. हिच्या मुठीजवळ स्टार्टरचं बटण होतं, म्हणून आसपासच्या बंजारा तांड्यांवर तिचं नाव बटणाची गाडी पडलं, ते आजही तसंच आहे.

बाबा ऊसतोडीला जाणाऱ्या मजुरांची संघटना चालवतात. आता संघटना म्हणजे बहुतेक ते एकटेच. दिवाळी झाली की ट्रक लागतात आणि तांडे रिकामे होतात. त्याआधी पंधरा-वीस दिवस बाबा तांड्यातांड्यांवर जाऊन पत्रक वाचून दाखवतात. मुकादमाचं नाव, ट्रकचा नंबर, कारखान्याचा पत्ता घरी राहणाऱ्या म्हाताऱ्यांजवळ लिहून ठेवा. लेकरांची नावं वसतिगृहात घाला. मी वाचायला शिकले ती या पत्रकांवर. बाराखडी पुरी व्हायच्या आधी मला ‘मुकादम’ वाचता येत होतं. अजूनही मी काही लिहायला घेतलं की पहिलं वाक्य घोषणेसारखंच येतं, मग ते खोडावं लागतं.

यंदा गाडी अंगणात उभी होती. बटण दाबलं की सीटखालून ‘टक’ असा आवाज यायचा आणि पुढे काही नाही. स्टार्टर गेल्या वर्षीपासूनच बंद होता. वर्षभर बाबांनी कीक मारून दिवस काढले. श्रावणात उजवा गुडघा इतका सुजला की वाशिमच्या डॉक्टरांनी कीक मारायची नाही असं बजावलं. म्हणजे स्टार्टर चालला तरच बाबा तांड्यांवर जाणार. दिवाळी अकरा दिवसांवर होती.

बसस्टँडजवळच्या मेकॅनिकने मोटर जळाली म्हणून सांगितलं. असल्या गाडीचं सामान आता कुठे मिळत नाही, भंगारात द्या, असाही सल्ला दिला. बॅटरी मी दोनदा चार्ज करून आणली होती. मग ठरवलं की स्वतःच उघडून बघायचं. मला या कामाचं शिक्षण नाही. लहानपणापासून बाबांच्या हातात पाने-पकडी देत आले, तेवढंच.

मी पाने काढत होते तेव्हा आई अंगणात आली. बाबा आत खाटेवर पडून होते. तिने आवाज बारीक केला.

“नको करू नीट,” ती म्हणाली. “बटन बंद हाये तोवर मानूस घरी हाये. सामान भेटत नाई म्हनून सांगून दे त्याइले.”

मी म्हटलं, मी खोटं बोलणार नाही.

“तुमी बापलेक खरं बोलता,” आई म्हणाली, “अन् रातभर गुडघा मीच शेकून राह्यली.”

आमच्या एकाही पत्रकात आईसाठी एक ओळ नाही. मजुरांच्या बायकांसाठी आहेत, पुढाऱ्याच्या बायकोसाठी नाही. हे आधीच माझ्या लक्षात का आलं नाही, याचा मला राग आला, आणि मग रागाचाही कंटाळा आला. मी थकले होते. ‘आम्ही थकलो आहोत’ असं कोणी पत्रकात छापत नाही.

मोटर काढली. मोटरला आत वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे चांगले होते. ती फरशीवर ठेवून बॅटरीच्या दोन वायरी थेट लावल्या, एक वायर जोडायच्या टोकाला, एक मोटरच्या लोखंडी अंगाला. मोटर गरकन फिरली, इतक्या जोरात की हातातून निसटली. म्हणजे जळाली नव्हती. परत इंजिनवर बसवली, बटण दाबलं. टक.

दोन वेळा मी हेच केलं. तिसऱ्या वेळी मोटर काढून ती जिथे बसते ती जागा चिंधीने पुसली, तेव्हा चिंधीवर ग्रीस आलं आणि खाली लाल रंग दिसला. या मोटरला एकच वायर येते. विजेची परतीची वाट मोटरच्या अंगातून इंजिनमध्ये जाते, लोखंडाला लोखंड भिडून. इथे मध्ये ऑइलपेंटचा जाड थर होता. बोल्टच्या आट्यांतही रंग.

तो रंग मी ओळखला. दरवर्षी भिंतींवर घोषणा लिहून झाल्या की डब्यात उरलेला लाल रंग बाबा गाडीला देतात. वाया जाऊ द्यायचा नाही, हा आमच्या घरचा नियम. गेल्या वर्षी मोटर कार्बन बदलायला दुकानात गेली होती. रिकाम्या जागेला गंज चढू नये म्हणून बाबांनी तिथेही ब्रश फिरवला असणार. मोटर परत येऊन बसली ती रंगावर. त्या दिवसापासून बाबा कीक मारत होते.

मी पॉलिश पेपर हातात घेतला. आईने सांगितलेलं काम आता फार सोपं झालं होतं. मी नुसतं उठून हात धुतले असते तरी पुरलं असतं.

मी रंग खरवडला. खालून लोखंड चकाकलं. मोटर बसवली, बटण दाबलं, आणि इंजिन पहिल्याच दमात सुरू झालं. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

बाबा भिंत धरत बाहेर आले. मी त्यांना सगळं सांगितलं, रंगाचंही.

“भित्तीवरचा रंग एका पावसात जाते,” ते म्हणाले. “इथं बरा टिकला.”

मग त्यांनी मूठ धरली आणि बसायला उजवा पाय उचलला. पाय सीटपर्यंत गेला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा त्यांनी प्रयत्न केला नाही, इंजिन बंद केलं आणि गाडीला टेकून उभे राहिले. बटण नीट झालं की बाबा जातील, एवढंच आम्ही तिघांनी धरलं होतं. गाडीवर बसावंही लागतं, हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मी म्हटलं, मी चालवते, तुम्ही मागे बसा. पण मागे बसायलाही पाय टाकावाच लागतो. एकाच बाजूने बसता आलं असतं, बायका बसतात तसं. बाबांनी मान फिरवली. स्त्री-पुरुष समानतेवर त्यांनी लिहिलेली चार पत्रकं मला पाठ आहेत. ती म्हणून दाखवावीत असं मनात आलं.

आईच पुढे आली. तिने डावीकडचं आडवं पायदान पायाने खाली पाडलं. तिच्या हातात त्यांची पिशवी होती, पत्रकं घातलेली.

“बसा,” ती म्हणाली. “दोनी पाय एका बाजूनं. पिशवी मांडीवर. पायजमा चाकात जाऊ देऊ नका, अन् पोरीच्या खांद्याले धरा.”

“लोक हासतीन,” बाबा म्हणाले.

“मी तीस वर्सं बसली. मले कोनी हासलं नाई.”

बाबा बसले. दोन्ही हातांनी माझा खांदा इतका घट्ट धरला की दुखायला लागलं. आईने मला एकच विचारलं, किती तांडे. मी म्हटलं नऊ. खड्ड्यातून हळू घे, म्हणाली आणि आत गेली.

पहिल्या तांड्यावर बाया खरंच हसल्या. बाबा उतरले, पत्रक उलगडलं आणि दरवर्षीसारखं पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. मी झाडाखाली गाडी लावून बसले. माझे हात ग्रीसने काळे होते, डोळे मिटत होते आणि अजून आठ तांडे बाकी होते.