मावशीचा डाग

अन्याय हुपरीच्या माझ्या मावशीवर झाला, गेल्या सोमवारी सकाळी दहा वाजता, आणि करणारा मीच. तिनं घडवलेले चांदीचे पैंजण कोल्हापूरच्या दुकानदाराला दाखवायचे होते. "डागाचा फोटो जवळनं काढ," म्हणाली. डाग म्हणजे दागिना. पण नगरपालिकेविरुद्धच्या पत्रकांसाठी तुंबलेल्या गटारींचे फोटो काढून माझी नजर बिघडलेली! मॅक्रो लेन्स लावली, श्वास रोखला आणि कडीवरचा तिळाएवढा काळा डाग असा लख्ख टिपला, की तो रंकाळा तलावाएवढा दिसला. फोटो बघून दुकानदारानं ऑर्डर रद्द केली, वर फोटो पेठेभर फिरवला. मावशी कडाडली, "मुडद्या, पैंजण पायात घालत्यात, डोळ्यात न्हाय!" खरं हाय की! ज्यांच्या मोबाईलवर तो फोटो आलाय त्यांनी आत्ताच्या आत्ता पुसा, आणि हुपरीला येऊन पैंजण पायात घालून उभ्यानं बघा.