पाटलांची बिनखिडकीची भिंत

घर बांधून झालं की थोडा चुना उरतो, थोड्या विटा उरतात आणि किस्से मात्र गाडीभर उरतात! निजामाच्या राज्यात धारूरजवळ एका पाटलांचं विटांचं घर मी बांधलं. मी मिस्त्री, हाताखाली चार गवंडी आणि डोक्यावर पाटील. त्यांना दरोडेखोरांची एवढी धास्ती की एका जागी बूड टेकवत नसत!

जोतं घातलं त्याच दिवशी पाटलीणबाई म्हणाल्या, "मिस्त्री, रस्त्याकडं एक खिडकी ठेवा. माझ्या माहेरची माणसं ह्याच वाटेनं बाजारला जातेत. तेवढीच दिसतील."

पाटील कडाडले, "खिडकी म्हंजी दरोडेखोराला आवतन! सगळ्या खिडक्या आत, चौकाकडं!"

बाई रस्त्याकडं बघत माघारी वळल्या. मला लई वाईट वाटलं.

* * *

चुना घट्ट धरावा म्हणून त्यात गूळ घालतात. तो गूळ गवंड्यांच्या पोटात जातो, असा पाटलांना संशय. एकदा त्यांनी कालवलेल्या चुन्यात बोट बुडवून चाटलंच! जीभ सोलली. ती बरी होईपर्यंत पाटील मुके, आणि भिंत झरझर वर!

* * *

पाटील म्हणाले, "दार बुटकं कर. चोर वाकला की वरून काठी!"

केलं. तर तहसीलदार आले आणि दारातच थांबले. "पाटील, हम सिर्फ सरकार के आगे झुकते!"

सतरंजी बाहेर ओट्यावर आली. पाटलांनी दुसऱ्याच दिवशी चौकट उंच करायला लावली. झाली, तर तिच्यातून ताठ मानेनं आत येणारे दरोडेखोर त्यांना दिसू लागले. "मिस्त्री, पुन्हा बुटकी कर!"

* * *

बाईंनी एकदा वेगळी वाट काढली. "खिडकी न्हाई तर न्हाई. एक कोनाडा तरी आरपार ठेवा."

पाटलांनी ऐकलंच. "आरपार कोनाड्याला खिडकीच म्हंतेत!"

"मग तीच ठेवा की!"

तेव्हापासून पाटील येता-जाता एकेक कोनाडा ठोकून बघायचे.

* * *

वास्तुशांतीची जेवणं झाली. पाटलांनी घरच्यांना ताकीद दिली, "आतून अडसर घालायचा. आवाज वळकीचा आला तरी तोंड बघितल्याबिगर उघडायचं न्हाई!"

मग दाराची मजबुती बघायला स्वतः बाहेर आले. आतून बाईंनी अडसर सरकवला. पाटलांनी खांदा लावला, लाथ घातली. दार हललं नाही. खूश झाले!

"उघडा आता."

आतून बाई म्हणाल्या, "कोण हाय?"

"मी हाय, मी!"

"तोंड दिसत न्हाई."

ओट्याखाली सगळं गाव जमलेलं. पाटलांनी पुन्हा हाक मारली, मग पुन्हा. दार बंदच. शेवटी पागोटं काढून घाम पुसला आणि माझ्याकडं वळून हळूच म्हणाले,

"मिस्त्री, त्यांना इचार, खिडकी केवढी पायजे!"