पेन्सिलचं टिंब

नलिनी कर्णिक गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच रजिस्टरवर सही करत होतो. वाईट वाटायच्या आधी मला भीती वाटली, हे आज पाच आठवड्यांनी कबूल करतो. दोनच दिवसांपूर्वी मी त्यांच्याशी खोटं बोललो होतो...

भिवंडीतल्या आमच्या वीज वितरण कंपनीत कर्णिक मॅडम नियमपालनाचा विभाग सांभाळत. नाव भारदस्त, काम रटाळ. वीज नियामक आयोगाकडे आणि विद्युत निरीक्षकांकडे जाणारे अहवाल, तक्ते, दाखले. त्यातलाच एक तक्ता डीपींच्या, म्हणजे कुंपणातल्या ट्रान्सफॉर्मरांच्या, अर्थिंगचा. वीज चुकून लोखंडी कुंपणात उतरली, तर अर्थिंगची तार ती जमिनीत नेते. तार तुटलेली असेल तर ती कुंपणाला टेकलेल्या माणसातून जाते. म्हणून जिथे माणसांची वर्दळ, तिथे मॅडम स्वतः जाऊन तपासणी बघत आणि आल्यावर अर्थिंगच्या मोजणीच्या आकड्यापुढे पेन्सिलनं बारीक टिंब देत. "मॅडमनी टिकली लावली," म्हणून आम्ही हसायचो.

त्यांच्या हाताखाली मी नवा असताना पूर्णा गावच्या एका डीपीला गेलोच नाही. ऊन होतं, गोदामांच्या ट्रकांनी रस्ता अडवला होता. गेल्या वर्षीचा आकडा उतरवून सही ठोकली. आमच्यात हे सर्रास चालायचं. मॅडमनी दोन्ही वर्षांची पानं शेजारीशेजारी ठेवली.

"प्रशांत, दशांशासकट तोच आकडा? जमीन दर वर्षी तेवढीच ओली असते का रे?"

त्यांनी लगेच गाडी मागवली. पूर्णाला पोचलो तर पाड्यावरून हमालीला आलेल्या एका बाईनं त्याच कुंपणाला तान्ह्याची झोळी बांधलेली. मॅडम इतक्या हळू बोलल्या, की मला त्यांच्या आवाजाचीच धास्ती वाटली. "बाय, पोराला उचल. झोळी राहू दे."

"इथंच सावली हाय ना बाय, दुसरीकडं कुठं न्हाय," ती म्हणाली, पण मॅडमचा चेहरा बघून तिनं पोर उचललं.

सोबतच्या लाइनमननं तपासलं. तांब्याची तार कुणीतरी कधीच कापून नेली होती.  मॅडम ओरडल्या नाहीत. परतताना एवढंच म्हणाल्या, "घाबरलास ना? बरं झालं. आता असाच घाबरून राहा."

राहिलो. बायको म्हणते, लग्नाच्या वरातीतही तू खांबच बघत चालतोस. मॅडम मात्र कधी घाबरलेल्या दिसल्या नाहीत, थेट शेवटच्या भेटीपर्यंत. आजारानं त्या अगदी एवढ्याशा झाल्या होत्या. माझं मनगट धरून म्हणाल्या, "कशेळीचं एक टिंब राहिलंय. शाळेमागची डीपी. आकडा लिहिला, सही केली, पण गेले नाही रे... पायच उचलत नव्हते. तू बघून आलास?"

त्यांची ती नजर मला सोसेना. "आलो ना मॅडम. सगळं ठीक आहे."

"आकडा?"

रजिस्टरात कधीतरी पाहिलेला, तोंडाला आला तो सांगितला. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या, मग डोळे मिटले. मला वाटलं, त्यांची काळजी मिटली. उद्या जाऊ, असं म्हणत मी दोन दिवस घालवले.

फोन आल्यावर मी त्यांच्या घरी न जाता लाइनमनला घेऊन कशेळी गाठली. शाळा सुटली होती. चार-पाच मुली कुंपणाला पाठ टेकून रिक्षाची वाट बघत होत्या.  लाइनमननं त्यांना लांब केलं. वीज बंद करून त्यानं माती उकरली. "साहेब, तार वरून शाबूत दिसते. खाली हाय कुठं?" गंजलेलं टोक त्याच्या हातात आलं. वीज कुंपणात उतरली नव्हती, एवढंच नशीब. दुरुस्ती होईपर्यंत मी जागचा हललो नाही. स्मशानात पोचलो तेव्हा चिता पेटलेली होती.

दुसऱ्या दिवशी खरा आकडा लिहायला रजिस्टर उघडलं. मॅडमच्या ड्रॉवरमधली दातांनी चावलेली पेन्सिल घेतली आणि टिंब दिलं. मग सहज गेल्या वर्षीचं पान बघितलं. कशेळी, शाळेमागे. त्यांच्या अक्षरातला आकडा, पुढे टिंब. मी त्यांना सांगितला होता तोच, दशांशासकट.