तीन जणींचं बुकिंग

आधीच सांगते, असले अनुभव मी कधी वाचतही नव्हते. ड्युटीवर चहाच्या वेळी सोबतच्या सिस्टर मोबाइलवरून मोठ्याने वाचून दाखवायच्या आणि मी हसायचे. आमच्या घरात आजोबांनीच बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेली. देव नाही, नवस नाही, अंगात येणं नाही... मग भूत कुठून येणार? त्यात एकोणीस वर्षं नर्सिंगची नोकरी. माणूस जातो म्हणजे काय होतं, ते मी इतक्या जवळून पाहिलंय की त्यानंतर काही उरत असेल असं मला कधी वाटलंच नाही. आता काय वाटतं, ते मात्र मलाच नीट सांगता येत नाही. नावं बदलली आहेत, बाकी सगळं झालं तसंच लिहितेय.

मी वैशाली. वर्ध्याला नोकरी, सावंगी (मेघे)ला भाड्याची खोली. नर्सिंगला असताना होस्टेलच्या एका खोलीत आम्ही तिघी होतो – मी, हिंगणघाटची अर्चना आणि संगीता. संगीताचं गाव केळझरच्या अलीकडे, हायवे सोडून थोडं आत. घरी भाजीपाल्याची शेती. वांगी, पालक, कोहळं म्हणजे लाल भोपळा. दर सोमवारी ती गावाहून पिशवीभर भाजी घेऊन यायची आणि मेसच्या मावशींना देऊन आमच्या ताटात जास्तीची पोळी पाडून घ्यायची.

नोकऱ्या लागल्या तरी तिघींचं सुटलं नाही. हॅलोविनचं खूळ संगीताचं. कुठल्यातरी व्हिडिओत तिने पाँडिचेरी पाहिलं होतं. पिवळ्या भिंतींची घरं, रस्त्यांना फ्रेंच नावं आणि ३१ ऑक्टोबरला कॅफेंच्या दारात डोळे-दात कोरलेली कोहळी, आत मेणबत्त्या.

"वैशे, पाह्य न! आपण ज्याची भाजी करतो त्याले हे लोकं भूत करून राह्यले," ती म्हणाली होती. "आपण भुताच्या गावाले जाऊ. तिघी. अन् मले समुद्र बी पाहाचा हाये."

तिने समुद्र कधीच पाहिला नव्हता. मीही नाही म्हणा, पण मला त्याचं काही वाटत नव्हतं. तिला वाटायचं.

एका वर्षी खरंच ठरलं. सेवाग्राम स्टेशनवरून चेन्नईची गाडी, पुढे बस. तिकिटं निघाली, रजा मंजूर झाल्या. आणि आदल्या दिवशी मला कळलं की वॉर्ड इन्चार्जच्या पोस्टचे इंटरव्ह्यू नेमके त्याच आठवड्यात आहेत. मी दिवसभर कुणालाच काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी त्या दोघी बॅगा घेऊन प्लॅटफॉर्मवर पोचल्या, गाडीची अनाउन्समेंट झाली, तेव्हा कुठे मी संगीताला फोन केला, येत नाही म्हणून. मागे अर्चना ओरडताना ऐकू येत होती. संगीता एवढंच म्हणाली, "जाऊ दे न. तिघी म्हंजे तिघी. पुढच्या वर्षी जाऊ." दोघी गाडीत न चढता परत आल्या.

पोस्ट मला मिळाली. संगीताला पुढचं वर्ष मिळालं नाही. खोकला धरला, औषधं झाली, तो जाईना... शेवटी निघाला फुप्फुसाचा आजार. शेवटचे दोन महिने एक आख्खं वाक्य तिला एका दमात बोलता येत नव्हतं. अर्ध्यावर थांबायची, हाताने 'थांब' म्हणायची, मग पुढचं. एप्रिलमध्ये ती गेली. त्या दिवसापासून अर्चनाने माझ्याशी बोलणं टाकलं. तिचं चुकलं असं मी कधीच म्हणाले नाही.

दोन वर्षांनी, म्हणजे गेल्या सप्टेंबरात, अर्चनाचा अचानक मेसेज आला – "जायचं का पाँडिचेरीले? तिच्या नावानं. दोघी." मी ड्रेसिंग ट्रॉलीजवळ उभी होते. तिथेच खुर्ची ओढून बसले.

ती हिंगणघाटहून, मी वर्ध्याहून, म्हणून भेटायला हायवेवरचं मधलं जाम गाव सोयीचं. रविवार, दुपारी बाराचा सुमार. चौकातल्या एका हॉटेलात, ट्रकवाल्यांच्या गर्दीत आम्ही समोरासमोर बसलो. पहिली दहा मिनिटं नुसता चहा. मग तिने मोबाइल काढला, मी डोकं पुढे केलं आणि हळूहळू होस्टेलमधल्यासारखं सुरू झालं. हे नको, ते लांब आहे, इथे बाथरूम बाहेर आहे. दोन-तीन गेस्टहाउस बाजूला पडली. मग एक सापडलं. लहानसं, पिवळ्या भिंतीचं, एक म्हातारी बाई स्वतःच्या घरात चालवते असं लिहिलेलं. त्याच वर्षी जानेवारीत सुरू झालेलं. नंबर लँडलाइनचा.

मी स्पीकर लावून फोन केला. बाईंचं नाव सेलीन. हिंदी मोडकीतोडकी, पण गोड. मी म्हटलं, वर्ध्याहून बोलतेय, ३१ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर खोली हवी.

"वर्धा?" त्या म्हणाल्या. "वर्धा का बुकिंग तो हो गया. इकत्तीस से दो. तीन लेडीज."

मला वाटलं त्यांचा घोटाळा होतोय. विचारलं, कुणी केलं?

"लड़की ने फोन किया. पिछला हफ्ता. नाम पूछा तो बोला, लिखो वर्धा, वो लोग समझ जाएगा. बोला, दो तो पक्का आएगा. तीसरा... ड्यूटी छूटा तो आएगा."

हॉटेलात भांड्यांचा केवढा आवाज चालू होता.  अर्चनाने हात लांब करून फोन कट केला.

"हे तू केलं?"

"अर्चे, मी काऊन करीन असं?"

"मंग कोण करन? मले रडवाले करून राह्यली का? एकदा स्टेशनवर बसवलं ते कमी झालं?" ती उठली. "तिच्या नावानं नाटकं नको करू, वैशाली."

होस्टेलच्या पहिल्या दिवसानंतर तिने मला 'वैशाली' म्हटल्याचं मला आठवत नाही. हिंगणघाटची बस लागलेली होती, ती जाऊन बसलीही. मी तिथेच राहिले. डोक्यात एकच – मी केलं नाही. मग हिनेच केलं असेल, मला शिक्षा म्हणून? पण ते गेस्टहाउस तर आम्ही दहा मिनिटांपूर्वी पहिल्यांदा पाहिलं होतं. तेही मी निवडलं होतं, तिने नाही.

दोन दिवस मी कशीबशी ड्युटी केली. तिसऱ्या दिवशी सुट्टी घेऊन संगीताच्या घरी गेले. का गेले? खरं सांगायचं तर घरातल्या कुणी, तिच्या भावाबिवाने, चेष्टा केली का ते बघायचं होतं. सुमनकाकू, म्हणजे संगीताची आई, अंगणात पालकाच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. काका सेलूच्या बाजाराला गेलेले. भाऊ सुरतेला, सहा महिन्यांत आलेला नाही. आमच्या प्लॅनची या घरात कुणाला कल्पनाच नव्हती.

न सांगताही परतता आलं असतं. पण काकूंनी चेहऱ्याकडे बघून विचारलं, "काय झालं पोरी?" आणि मी सगळं सांगून टाकलं. मला वाटलं त्या रडतील, नाहीतर मला हाकलून देतील. त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली.

"आवाज कसा होता म्हने?"

"मी नाही ऐकला, काकू. त्या बाईंनी ऐकला."

"खोकलत होती का?"

मी पर्समधून मोबाइल काढला.

"इचार न त्या बाईले," काकू म्हणाल्या. "लाव फोन. बोलतानी खोकलत होती का, तेवढं इचार."

मी स्पीकरवर लावला. काकूंनी फोन माझ्या हातातून घेतला. पालकाची माती लागलेल्या हाताने, दोन्ही हातांनी धरला आणि जवळजवळ ओरडूनच बोलल्या, "बाई, मैं वर्धा से बोलती. वो लडकी की माय. वो तुमसे बोली न, तो खासती थी का?"

पलीकडून सेलीनबाई म्हणाल्या, "नहीं माँ. खाँसी नहीं. लड़की बहुत हँसता था. एक साँस में इतना लंबा-लंबा बात करता था, मैं बोला धीरे बोलो, मेरे को हिंदी कम आता."

"एक सास में?"

"हाँ माँ. एक साँस में."

काकूंनी फोन परत दिला नाही. कट झाल्यावरही बराच वेळ छातीशी धरून बसल्या. डोळे पुसले पदराने, आणि तोंड मात्र... कसं सांगू, संगीता आजारी पडल्यापासून तो चेहरा इतका मोकळा मी पाहिला नव्हता. "बरी हाये मंग," त्या म्हणाल्या. नुसतं एवढंच. मी एकोणीस वर्षं लोकांना 'पेशंट बरा आहे' सांगत आलेय. ते ऐकणं काय असतं, त्या दिवशी कळलं.

मग त्यांनीच मला अर्चनाचा नंबर लावायला सांगितलं. "अर्चे, मी सुमनकाकू. वैशीनं नाई केला तो फोन. मले मालूम हाये. कसं मालूम ते नको इचारू. तुमी भांडू नका माय, दोघी जाजो." तिकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. संध्याकाळी अर्चनाचा मेसेज होता – "तिकिटं काढ. ह्या टायमाले मी तुह्या खोलीवरून तुले घेऊन जाईन."

आणि तिने खरंच मला खोलीवरून नेलं. गाडीत बसेपर्यंत माझ्या बॅगेचा पट्टा सोडला नाही.

पाँडिचेरीत काय झालं, असं सगळे विचारतात. काही झालं नाही. ३१ तारखेच्या संध्याकाळी कॅफेंच्या दारात खरोखर कोरलेली कोहळी होती, प्लास्टिकचे सांगाडे होते, तोंडं रंगवलेली पोरं रस्त्याने आरडाओरडा करत फिरत होती. आम्ही समुद्राच्या कडेने चाललो. अर्चना प्रत्येक पांढऱ्या झग्यातल्या मुलीकडे वळून बघत होती. मी पण.  एवढं भूत-भूत चाललेलं गाव, आणि आम्हाला हवं ते एकही तिथे नव्हतं.

खोलीत तीन पलंग होते. तिसरा खिडकीजवळ. आम्ही दोघींनी न ठरवता तो सोडला.

सकाळी सेलीनबाईंनी त्यांची डायरी दाखवली. त्यांच्याच अक्षरात 'वर्धा – 3' असं लिहिलेलं, आणि आम्ही जामला भेटलो त्याच्या आधीच्या बुधवारची तारीख. आम्ही दोघींनी एकमेकींच्या मोबाइलमधले त्या बुधवारचे कॉल त्यांच्यासमोर तपासले. काही नव्हतं. दुसऱ्या कुणी वर्ध्याच्या तिघी असतील, असंही वाटून गेलं. पण आम्ही होतो तोवर कुणी आलं नाही, कुणाचा फोन नाही.

"और कुछ बोली थी वो?" अर्चनाने विचारलं.

बाई आठवू लागल्या. "हाँ. पूछा, खिड़की के पास जो बेड है, उधर से समुंदर दिखता है क्या? मैं बोला, दिखता नहीं बेटा, बीच में घर है. मगर सुबह-सुबह सुनाई देता है. तो बोला, चलेगा आंटी. सुनाई देना चाहिए."

अर्चना उठून आतल्या खोलीत गेली. मी मागोमाग गेले नाही.

शेवटच्या दिवशी आम्ही दोघी उजाडायच्या आधीच जाग्या होतो. पंखा बंद केला. समुद्र ऐकू येत होता – दूर कुणीतरी सुपात धान्य पाखडावं तसा. खिडकीजवळच्या पलंगावरची चादर तशीच होती, सुरकुतीसुद्धा नाही. मी मुद्दाम पाहिलं. सुरकुती असायला हवी होती, असं मला इतकं वाटत होतं की मी वाकून पुन्हा पाहिलं.

"असन इथंच," अर्चना अंधारात म्हणाली.

"माहीत नाही," मी म्हटलं. कारण खरंच माहीत नाही.

आजही नाही. तो फोन कुणी केला, आम्ही न पाहिलेल्या गेस्टहाउसला आधीच कसा केला, संगीताची समुद्राची हौस त्या पोरीला कशी ठाऊक – याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि कुणाकडे असलं तर मला हवंय की नको, तेही कळत नाही. लोक विचारतात, भीती नाही वाटली? नाही वाटली. राग आला थोडा. फोन त्या परक्या बाईला काऊन केला? माझा नंबर तिला पाठ होता.

तेव्हापासून अनोळखी नंबर आला की मी पहिल्याच रिंगला उचलते. बहुतेक वेळा प्लॉट विकणारे असतात. तरी मी फोन कट करत नाही. समोरचं माणूस बोलून थांबेपर्यंत ऐकत राहते.