मास्तरांची लांबट फुलं

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादरीच्या कारखान्यात मी कॉम्प्युटर डिझायनर म्हणून लागलो, तेव्हा स्वतःला फार शहाणा समजत होतो. माझ्याच खोलीत खिडकीशी ग्राफमास्तर बसत. भवानी पेठेतले, तेलुगू विणकरांच्या घरातले. चादरीवरचं प्रत्येक फूल ते आधी बारीक चौकटींच्या कागदावर रंगवत, एकेक चौकट तेलुगूत मोजत. त्याबरहुकूम पुठ्ठ्यांना भोकं पाडायची आणि त्या पुठ्ठ्यांवर माग चालायचा. एका ग्राफला कधी कधी महिना जाई.

मग मालकांनी थेट कॉम्प्युटरवर चालणारे माग घेतले. मास्तरांचे जुने ग्राफ स्कॅन करायचं काम माझ्याकडे आलं. मास्तर स्वतः कागद उलगडून द्यायचे. "हळू घ्या की, लई जुना हाय," म्हणायचे.

स्क्रीनवर मला त्यांची सगळी फुलं लांबट दिसली. विचारायला मास्तर चार पावलांवर होते. पण मी कशाला विचारतोय! माउसने सगळी गोल करून टाकली. थोड्याच दिवसांत मालकांनी विचारलं, "मास्तरांची अजून गरज आहे का रे?" मी म्हणालो, "त्यांच्या ग्राफमध्ये चुका असतात, मालक. मलाच दुरुस्त कराव्या लागतात." पुढच्या सोमवारपासून मास्तर आले नाहीत.

मी गोल केलेल्या फुलांची पहिली चादर मोठ्या हौसेने घरी नेली. आईने ती धुऊन वाळत घातली, तर फुलं चांगलीच बसकी झालेली. आमची चादर पहिल्या धुण्यात लांबीला आटते. मास्तर तेवढ्या चौकटी आधीच वाढवून ठेवत. दुसऱ्या दिवशी मी गुपचूप सगळी फुलं पुन्हा लांब केली. नव्या चादरीची फुलं धुतल्यावरही गोल राहिलेली पाहून मालक म्हणाले, "शाब्बास, बारीक लक्ष आहे तुझं." मला लाज वाटली. शाबासकी मात्र घेतली.

वर्षभराने खरं सांगून टाकायचं ठरवून मास्तरांच्या घरी गेलो. त्यांच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. आत चहा टाकायला सांगून, मी तोंड उघडायच्या आत तेच बोलू लागले.

"मोतीबिंदू काढून घेतला. मालक म्हणाले होते की, मास्तर, ग्राफात चुका होतात, आता घरी बसा. मी लई आठवून बघितलं, एकबी चूक गावली न्हाई. पण डोळाच अधू, तर चूक कुटनं दिसणार? आता लख्ख दिसतंय. मालकांना तेवढं सांगा, परत बसतो म्हणावं."

तुमची एकही चूक नव्हती, एवढंच वाक्य मला बोलायचं होतं. ते ओठांवर आलं होतं. पण मग चुका कोणी सांगितल्या, हेही सांगावं लागलं असतं.

"सांगतो, मास्तर," म्हणालो, चहा प्यालो आणि निघालो. मालकांना मी काही सांगितलं नाही. पुढे मास्तर वारले, ते आपले डोळेच चुकले असं समजून.